इस्त्रीची साक्ष

"बल्ब मिळणार न्हाई," काउंटरमागचा तरुण म्हणाला आणि प्रेरणाच्या कपाळावर आठ्या पडल्या.

शिवऱ्याच्या फाट्यावर इलेक्ट्रिकचं नवं दुकान निघालंय एवढं ऐकून ती भर उन्हात गाडी दामटत आली होती. मागच्या फळीवर बल्बांची खोकी रचलेली दिसत होती. आणि हा म्हणतो, मिळणार नाही!

"संपलेत का?"

"संपलं न्हाईत. पर तुमीच म्हणालात, महिन्यातला पाचवा. चार बल्ब खाल्लेल्या घराला पाचवा कशाला भरवायचा? काय लावल्यावर लुकलुकत्यात?"

"तुम्ही दुकानदार आहात का डॉक्टर?"

"वायरिंग करतो. धनाजी. गाव वेल्हं." त्याने तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग एकदम काउंटरवरची धूळ पुसायला लागला. भलताच आगाऊ दिसतोय, प्रेरणाच्या मनात आलं.

पण दुखणं तर खरंच होतं. बी.कॉम. झाल्यावर पुण्यातली नोकरी नाकारून तिने घराच्या पडवीत मिरची कांडप टाकलं होतं. यंत्र सुरू झालं की घरातले दिवे डोळे मिचकावायचे. टीव्ही बंद पडायचा. मागच्या आठवड्यात तर फ्रिजच बसला. तिचे वडील, हनुमंतआण्णा, यंत्राच्या नावाने रोज शंख करायचे. आता त्यांनी यंत्रासाठी किकवी गावचं गिऱ्हाईक पाहिलं होतं. येत्या रविवारी तो टेम्पो घेऊन येणार आणि प्रेरणाची तीन वर्षांची मेहनत उचलून नेणार होता.

"रविवारच्या आत होईल?" तिने सगळं सांगून विचारलं.

"बघू की," धनाजी म्हणाला. बघू की! एवढा राग तिला आयुष्यात कुठल्या दोन शब्दांचा आला नव्हता.

सोमवारी त्याने घरातला एकेक बल्ब पाहिला. मंगळवारी होल्डर आणि बटणं उघडली. बुधवारी गावात लाईटच नव्हती, तरी त्याची बाईक दारात हजर!

"लाईट नसताना काय तपासणार?"

"...चहा?"

तिने चहा दिला. मुद्दाम बिनसाखरेचा. तो गप प्यायला, वर "लई झ्याक" म्हणाला. ती चिडून आत गेली आणि चूल उगाचच सारवत बसली. गुरुवारी मात्र साडेदहा वाजून गेले तरी बाईक वाजेना, तेव्हा आपण चार वेळा अंगणात जाऊन आलो हे तिच्या लक्षात आलं. स्वतःचाच असा राग आला म्हणता!

तो शनिवारी उगवला. एक दिवस हातात. तो मीटरपाशी उभा राहिला, ती पडवीत यंत्रापाशी, मध्ये फोन.

"करा चालू."

घर्रर्र...

"बंद. चालू. बंद. परत चालू."

"अहो, अकरा वेळा झालं! आता मीच कुटली जाईन यात!"

"तुमचा आवाज फोनवर लई ग्वाड येतो."

"काय?"

"न्हाई... लाईट लुकलुकली म्हनलं. इस्त्री हाय का घरात?"

"साहेबांना शर्टाला इस्त्री करून हवीय वाटतं?"

"आवो, ऐका तरी. मोटर उठताना जोर घेतीच, तवा उजेड जरा मंदावनारच. त्यात तिचा गुन्हा न्हाई. इस्त्रीला तसा उठायचा जोर लागत न्हाई. यंत्र बंद ठेवून नुसती इस्त्री लावू. तरीबी बल्ब लुकलुकला, तर दोष वायरीचा."

तिने इस्त्री लावली. बल्ब लुकलुकला. प्रेरणा लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत नाचली. यंत्र निर्दोष होतं! तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे सिद्ध करून दाखवलं होतं.

धनाजीने मेन स्विच पाडला, शिडी लावली आणि मीटरकडून घरात जाणारी वायर हाताने चाचपत पत्र्याखाली गेला. आणि तिथेच थांबला. हलेना की बोलेना.

"सापडलं का? का झोप लागली?" तिने खालून मान उंचावली. दोन वायरींचा पिळलेला जोड, काळा पडलेला. टेपच्या जागी दुधाची पिशवी गुंडाळलेली. "कुठल्या शहाण्याचं काम हे?"

"...माझं."

शिवऱ्यात जत्रेला देवळाच्या कमानीला उजेड द्यायचा मान दरवर्षी वेगळ्या घराला मिळतो. तीन वर्षांपूर्वी तो हनुमंतआण्णांचा होता. इथेच वायर तोडून माळांना लाईन दिली होती, आणि जत्रा संपल्यावर जोड मारायला मांडववाल्यांबरोबर आलेला होता धनाजी. पुढच्याच महिन्यात प्रेरणाने कांडप टाकलं आणि सगळा आळ यंत्रावर आला.

"येवढ्या जत्रा केल्या म्या, असा जोड कुठंच मारला न्हाई," तो वरूनच म्हणाला. "पर त्या सकाळी तुमी खाली मिरच्यांची देठं खुडत बसला होता. अन् सारख्या शिंकत होता. टेप खाली पिशवीत राहिली होती... उतरलो अन् तुमी आत गेला तर? मग खिशात गावलं ते गुंडाळलं."

"तीन वर्षं!" प्रेरणाचा आवाज फाटला. "तीन वर्षं बोलणी खातेय मी! उद्या यंत्र जाणार होतं माझं! आणि तुम्ही... शिंका बघत बसलात?" डोळ्यांत पाणी आलं, आणि जवळपास मिरची नव्हती.

काळं तोंड कापून त्याने नवा कनेक्टर बसवला, दोनदा ओढून पाहिला, टेप मारली. यंत्र सुरू झालं. दिवा किंचित मंदावला आणि लगेच सावरला.

तेवढ्यात आण्णा आले. वायर जुनी होती म्हटलं असतं तर भागलं असतं. नव्या दुकानाची अब्रू वाचली असती.

"आण्णा, यंत्र बिनदोष हाय," धनाजी म्हणाला. "जोड कच्चा होता. जत्रेला म्याच मारला होता."

आण्णा भडकले. "माझं घर पेटलं असतं, भडव्या! फाट्यावर तुझं दुकान कसं चालतं बघतोच! जोड मारताना ध्यान कुठं होतं तुझं?"

धनाजीने मान खाली घातली. हा मरेल पण सांगणार नाही, हे तिला दिसलं. इतका राग, इतका वैताग, आणि तरी तिला तो एकदम हवाहवासा वाटला, कायमचा.

"माझ्याकडं होतं, आण्णा," प्रेरणा म्हणाली.

धनाजीने मान वर केली.

"आणि आता माझंबी त्याच्याकडं हाय. किकवीला फोन लावा, टेम्पो आणू नका म्हणावं."