जलवल्लीचा सोमवार

मालवणच्या सागरी प्रयोगशाळेतल्या टाकीत, खडकाला धरून हायड्रॉइडांची वसाहत वाढत होती. दिसायला शेवाळ, प्रत्यक्षात इवले प्राणी, जेलीफिशचे सख्खे नातलग. डॉ. वत्सला केळुसकरांनी त्यांना जलवल्ली असं नाव ठेवलं होतं.

"या वल्लीवर जेलीफिश उमलतो आणि सुटून पोहत जातो," त्या मेंदूतज्ज्ञ डॉ. इंदपांना सांगत होत्या. "पण उपासमार झाली तर हा मरत नाही. तळाशी बसतो आणि परत वल्ली होतो. पुनर्बाल्य."

"त्याच गुणाच्या पेशी तुमच्या यजमानांच्या, भालचंद्ररावांच्या मेंदूत घातल्यात तुम्ही."

"हो. विस्मृतीच्या आजारात जुन्या पेशी गेल्या, पण जाता जाता आठवणींच्या खुणा या नव्यांच्या हवाली करून गेल्या. आता हे मला नावाने हाक मारतात."

"शिवाय त्या पेशींच्या रसाने हृदय तिशीतलं झालंय. वहिनी, अहेव मरण नक्की हो तुमचं!"

वत्सलाबाई लाजल्या. लग्नापासून रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना त्यांनी तेवढंच मागितलं होतं: यांच्याआधी, कुंकवासकट जाऊ दे.

"फक्त यांना उपाशी ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या.

"भालचंद्रराव आणि उपाशी? तुमच्या उपासाची खिचडीसुद्धा तेच संपवतात!"

यांच्यासाठी धरलेल्या सोळा सोमवारांतला आज शेवटचा. वत्सलाबाईंच्या पोटात पाणीही नव्हतं. दुपारी त्यांनी घरी फोन केला.

"जेवलात?"

"हो गं, पोटभर. तू लवकर ये."

संध्याकाळी त्या घरी आल्या, तेव्हा भालचंद्रराव देवघरापुढे कुशीवर पडले होते. डोळे उघडे, मुठी वळलेल्या. स्वयंपाकाच्या सुगंधाबाई रडत होत्या.

"काल रात्रीपासून पाणी नाही घेतलं वो. म्हणाले, तिनं माझ्यासाठी सोळा केले, मी तिच्यासाठी एक करतो. गंमत करायचीय, सांगू नको म्हणाले."

धावत आलेल्या इंदपांनी पुनःपुन्हा तपासलं. "एकही पेशी मेलेली नाही. सगळ्या तान्ह्या झाल्यात."

"परत शिकतील?"

"बोलायला शिकतील, बाळासारखं. पण तुम्हाला ओळखणं? तुमच्या खुणा द्यायला जुनी पेशी एकही उरली नाही. आणि पुढे कधीही, एक दिवस खाणं चुकलं..."

"आयुष्य?"

"हृदय तिशीतलंच आहे," इंदप म्हणाले. सकाळची थट्टा त्यांनाही आठवली असावी.

वत्सलाबाईंनी नैवेद्याचा चुरमा दुधात मऊ केला आणि बोटाने भरवला. भालचंद्ररावांनी ते बोट घट्ट धरलं. नजर मात्र छताकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबाईंनी दिवा लावला, हात जोडले. रोजचं मागणं ओठांपर्यंत आलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. माझ्यामागे यांना घास कोण देणार? कितीदा देणार?

"देवा, यांना आधी ने," त्या म्हणाल्या. आपणच तो रस्ता बंद केलाय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आतल्या खोलीत ते भुकेने रडू लागले.