भिंगरीचं मूलद्रव्य

माझ्या नवऱ्याने जन्मभर जे शोधलं, ते कुणी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. प्रयोगशाळेत एका धातूवर दुसऱ्या धातूचे कण आदळत राहायचे. नशीब असलंच, तर नव्या मूलद्रव्याचा एखादा अणू जन्माला यायचा आणि लगेच फुटायचा. फुटताना पडद्यावर एक रेघ.

"म्हणजे मेल्यावरच कळतं, की होता?" मी विचारलं होतं.

"किरणोत्सारी आहे गं. संसार थाटायला थोडाच येतो?"

पहिली रेघ मिळाली आणि बारशाची वेळ आली. ह्यांनी आमच्या भिंगरीचं शाळेतलं नाव घेतलं, त्याला 'इयम'चं शेपूट लावलं, की झालं मूलद्रव्य! जेवायला आलेल्या, ह्यांना शिकवलेल्या थोरल्या सरांचा घास हातातच राहिला.

"अरे, सहसा गेलेल्यांची नावं देतात. हसत्याखेळत्या पोरीचं कशाला?"

"सर, तुम्हीसुद्धा?"

"माझं मूलद्रव्य!" भिंगरी खुर्चीवर चढून नाचली.

पुढच्याच आठवड्यात ती शाळेतलं भांडण सांगत होती. "आई, मग ती मला म्हणाली..." आणि थांबली. तोंड उघडं, नजर माझ्यावर, पण नजरेत कुणीच नाही.

"काय म्हणाली?"

"...चल, कट्टी संपली." जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

तेवढ्यात ह्यांचा फोन. "अगं, आणखी एक मिळाला!"

योगायोग म्हटलं. भाजी चिरता चिरता ह्यांची पुस्तकं वाचून शिकलेली बाई मी, असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवू? मग एकदा ती अंघोळ करून आली. ओली पावलं न्हाणीघरातून निघाली होती, मध्ये दोन फरश्या कोरड्या, आणि पुढे पुन्हा पावलं.

"उडी मारलीस का गं?"

"छे!"

फोन वाजला.

ह्यांनी मला वेड्यात काढलं. मग एक दिवस घरी थांबले, आणि पोरगी त्यांच्या मांडीवर बसल्या बसल्या थांबली. फोन त्यांनीच घेतला. तसेच चपला घालून गेले आणि यंत्र बंद करून आले.

भिंगरी पुन्हा सलग बोलू लागली. माझा जीव भांड्यात पडला. ह्यांना मात्र जेवण जाईना.

"आता काय?"

"एकाच प्रयोगशाळेचं कुणी मानत नाही. दुसऱ्यांनी तेच बनवून दाखवावं लागतं. ते सुरू करताहेत."

"मग सांगा ना त्यांना!"

"सांगितलं. पाया पडलो. त्यांना वाटलं, मी श्रेयासाठी रडतोय." मग खाली बघत म्हणाले, "त्यांचं यंत्र आमच्यापेक्षा फार मोठं आहे."

आज सकाळी न्हाणीघरातून हाक आली. "आई, टॉवेल!"

मी आणायला वळले.

"राहू दे, मीच येते!"

फोन वाजला. ह्यांनी तो उचलला आणि नुसता धरून ठेवला. त्या दुसऱ्या प्रयोगशाळेतला आनंद मलाही ऐकू येत होता. "अभिनंदन! अहो, रेघाच रेघा! थांबतच नाहीत!"

ओली पावलं खोलीच्या मध्यापर्यंत आली आहेत.

पुढे फरशी कोरडी.

मी तिथेच बसले आहे, टॉवेल उघडून. आता दिवे लागलेत.

शेवटचं पाऊल अजून वाळलेलं नाही.