भिंगाची चूक

भिंगाची एक तरी चूक सापडावी, म्हणून जुई सकाळपासून आबांच्या खनपटीला बसली होती.

भिंग म्हणजे मिरजेच्या एका इस्पितळातला संगणक. मेंदूची चित्रं बघून त्यातली गाठ ओळखायला त्याला शिकवलं जुईच्या आजोबांनी, म्हणजे आबांनीच. आणि त्या कृतघ्न यंत्राने आता गाठ शोधली होती ती आबांच्याच डोक्यात.

पडद्यावर आबांचा एमआरआय (चुंबकाच्या मदतीने काढलेलं शरीराच्या आतलं चित्र) होता. जुईने डोळे फाडफाडून पाहिलं, पण गाठ काही दिसेना.

"मला दिसत नाही ते त्याला कसं दिसतं?"

"तू चित्र बघतेस, ते आकडे बघतं," आबा म्हणाले. "प्रत्येक ठिपका किती उजळ, त्याचा एक आकडा. पहिला थर नुसत्या कडा शोधतो, उजेड कुठे संपतो आणि काळोख कुठे सुरू होतो ते. पुढचा थर त्या कडा जोडून आकार ओळखतो. असे थरावर थर. म्हणून त्याला डीप लर्निंग (सखोल शिक्षण) म्हणायचं."

"पण गाठ कशी असते, ते त्याला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. आम्ही हजारो चित्रं दाखवली, गाठ असलेली आणि नसलेली. आधी ते वाट्टेल ते ठोकून द्यायचं. आम्ही 'चूक' म्हटलं, की आपली वजनं (कशाला किती महत्त्व द्यायचं ते आकडे) किंचित बदलायचं. पुन्हा चूक, पुन्हा बदल."

"म्हणजे अजूनही चुकत असेल." जुईने तेवढंच घट्ट धरलं.

"चुकतं की. म्हणून तर डॉक्टरांनी गाठीचा कणभर तुकडा काढून तपासला. या वेळी नाही चुकलं, बाळा. आणि ही गाठ काढताही येणार नाही. जिथून आपण बोलतो, नेमकी तिथेच बसलीय."

हल्ली आबा चष्म्याला चमचा म्हणायचे आणि जुई खो खो हसत सुटायची. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"मग नुसतं दिसून काय उपयोग?" ती रडत म्हणाली.

आबांनी पडदा तिच्याकडे वळवला. चित्राखाली दोन बटणं होती, 'बरोबर' आणि 'चूक'.

"भिंगाला हा धडा द्यायचा राहिलाय. तू देतेस?"

जुईचं बोट थेट 'चूक'वर गेलं.

"दाबलंस तर काय होईल?" आबांनी मास्तरांच्या आवाजात विचारलं.

तिचं बोट बटणावरच थबकलं. "ते वजनं बदलेल. मग अशी गाठ असली तरी नाही म्हणेल."

"कोणाची?"

"दुसऱ्या कोणाच्या तरी आबांची."

"आणि 'बरोबर' दाबलंस तर?"

"त्यांची लवकर सापडेल. लहान असतानाच, काढता येईल तेव्हा." ती म्हणाली, "पण तुमची नाही ना."

"माझी नाही," आबा म्हणाले.

जुईने 'बरोबर' दाबलं. आबांचं चित्र गेलं आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी मेंदूचं चित्र पडद्यावर आलं.

आबांनी डोळे पुसले आणि टेबल चाचपलं. "माझा चमचा कुठे गेला गं?"

जुई हसली नाही. तिने चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला.