होडी नसलेल्याचं जाळं

"पाटल्यो गेल्यो!" रविकांतच्या दारातच सत्यवतीने मोकळे हात पुढे केले.

रविकांत नाबर फौजदारकी सोडून मालवणात खासगी तपास करी. त्याचा सोबती बाबली प्रत्येक तपासाला हजर असे. विशेषतः जेवणाच्या सुमाराला.

हकीकत अशी. सत्यवतीचा नवरा सहदेव आचऱ्याला वर्षभर अर्धांगाने खाटेवर होता. उजवं अंग गेलेलं, जीभ जड. औषधापायी होडी विकली. आता त्याला मिरजेच्या इस्पितळात न्यायचं, म्हणून तिच्या चार पाटल्या मोडायच्या ठरल्या. सोनार यायच्या आदल्या दिवशी खाटेखालचा पाटल्यांचा डबा रिकामा!

दोघे आचऱ्याला पोचले. मुलगा गणपत अंगणात सुरीने दोरी सटासट कापत होता.

"आवशीन पाटल्यो आपणहून दिल्यान," तो म्हणाला. "मागून मिळतत, त्यो चोरू कित्याक?"

सून सुशीला फोंडाघाटच्या शेतकऱ्याची मुलगी. "बेत मामंजींच्या उशाकडेच ठरलो. त्या दिवशी त्येनी पेज घेतली नाय," ती म्हणाली. "माका विचारशात तर डब्याक हात लावलंय नाय. माका जाळ्याची साधी गाठ येत नाय, चोरी खंयची येतली?"

खाटेवर सहदेवच्या मांडीवर जाळं होतं.

"होडी नाही, मग जाळं कशाला?" बाबलीने विचारलं.

"जीव रमाक," सत्यवती म्हणाली. "डाव्या हातान नि दातान गाठी मारीत रवतत."

रविकांतने जाळ्याचा खालचा काठ बोटांतून सरकवला. चिंधीत बांधलेले दगड वीत-वीत अंतरावर होते. सहदेवच्या हाताजवळच्या टोकाला मात्र चार पुरचुंड्या खेटून.

"जेवण झालं की सांगशील ना?" बाबली कुजबुजला.

"आत्ताच सांगतो. सगळ्यांना बोलाव."

सगळे खाटेभोवती जमले.

"पाटल्या या चार पुरचुंड्यांत आहेत. यांच्या गाठींचे दोरे चावून तोडलेत," रविकांत म्हणाला. "गणपत सुरीने कापतो. शिवाय तो खारवी, मासेमारीतला. वजनं वितीवितीवर बांधील, अशी एका जागी नाही. सुशीलेला गाठच येत नाही. म्हणजे बांधणाऱ्याला गाठ येते, पण हात लांब जात नाही. खाटेखालच्या डब्यापर्यंत मात्र पोचतो."

बाबलीने जेवणाचं नाव काढलं नाही.

सहदेवचा डावा हात जाळ्यावर आवळला. जड जिभेने तो म्हणाला, "माझ्यामागे... तिका... पाटल्यो... रवांदे."

गणपतने मान खाली घातली.

सत्यवती खाटेवर टेकली. "तुमी नसल्यावर पेज कोणाक भरवू? पाटल्यांक?"

तिने गाठ सोडायला घेतली. गणपतने सुरी पुढे केली; तिने ती बाजूला सारली. चाळीस वर्षं दर्यावर गाठी मारलेल्या हाताची गाठ होती, नखं दुखेपर्यंत सुटेना. शेवटी सहदेवनेच डाव्या हाताने दोरा ताणून धरला.

एक सुटली. दुसरी. तिसरी.

चौथीवर त्याने मूठ मिटली, ती काही उघडेना. सत्यवतीने त्या मुठीवर आपला हात ठेवला. चौथी गाठ तशीच राहिली.