टकटकच्या नावावर

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि माझं त्यावाचून काही अडत नाही. भोळी माणसं गोष्ट अर्ध्या कानानं ऐकतात. शंकेखोर असतात ती कान टवकारून बसतात.

पण घडलं ते खरं घडलं. माझ्या सख्ख्या भाच्याच्या डोळ्यांदेखत. आणि भर दुपारी. भूत रात्रीच निघतं असं सांगणाऱ्यानं रात्र पाहिलेली असते, भूत नाही.

परवा हीच गोष्ट सुनेला सांगत होतो. सूनबाई विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासते. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "सांगा बाबा. पण चहाचा हा दुसरा भरलेला कप कोणाला?"

म्हटलं, राहू दे तो. ऐक.

वस्तीच्या टोकाला फळांचं एक कोल्ड स्टोरेज आहे. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि खोल्यांना गादीएवढी जाड दारं. आत सफरचंदांच्या पेट्या छतापर्यंत. दार लागलं की आतला आवाज बाहेर येत नाही. बाहेरचा आत जात नाही.

तिथं दारं बघायला एक म्हातारा होता. त्याला सगळे टकटक म्हणायचे.

कारण त्याचा एक नेम होता. कुठलंही दार लावण्याआधी किल्ल्यांच्या जुडग्यानं त्यावर तीनदा ठोकायचं... टक, टक, टक... आणि विचारायचं, "कोणी आहे का?" उत्तर आलं नाही, तरच दार लावायचं. पोरं चेष्टा करायची, की सफरचंदं ओ देणार आहेत का काका? तो म्हणायचा, देतील तेव्हा मी ऐकायला असेन.

माझ्याकडे रोज चहाला यायचा. साखर अर्धा चमचा.

मग तिथं कंप्युटर आला. दारं उघडणं-लावणं, गारवा कमी-जास्त करणं, सगळं पडद्यावरून. टेबलाशी बसायचं, बोट लावायचं, पलीकडं दार बंद. ठोकायची भानगड नाही, विचारायची गरज नाही. आणि तो प्रोग्रॅम म्हणजे सार्वजनिक नळ. कोणीही यावं, सोडावा, बंद करावा, जावं.

एका दुपारी टकटक मागच्या खोलीत पेट्या बघायला गेला.

कोणीतरी पडद्यावर बोट लावलं.

आतून उघडायची मूठ तुटलेली होती. दुरुस्तीला सांगून ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी सापडला. किल्ल्यांचं जुडगं मुठीत तसंच. दाराच्या आतल्या पत्र्यावर पोचेच पोचे... ठोकून ठोकून पडलेले.

दार कोणी लावलं? प्रोग्रॅमला विचारलं, तर तो म्हणे, "लावलं". कोणी, ते त्याला ठाऊक नव्हतं. मग काय, सगळ्यांचेच हात स्वच्छ. मॅनेजरसाहेबांचे तर जरा जास्तच. त्या दिवसापासून सारखे धुवायचे.

वरून हुकूम आला, प्रोग्रॅमला लॉगिन लावा. आणि ते काम माझ्या भाच्याकडं आलं.

काम साधं. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड. आधी ओळख सांगायची, मगच आत जायचं. आत गेल्यावरही सगळ्यांना सगळं नाही. कोणाला कुठलं दार, कोण गारवा बदलणार, कोण नुसतं बघणार, ते ठरवून द्यायचं. त्याला परवानग्या म्हणतात.

अडलं ते एका ठिकाणी. आता प्रत्येक नोंदीला नाव हवं. मग मागच्या बिननावाच्या नोंदींचं काय करायचं?

भाचा म्हणाला, 'अज्ञात' लिहू.

साहेब म्हणाले, नको. "सगळं टकटकच्या नावावर टाक. तो काय भांडायला येणार आहे?"

भाच्याला उमगलं. त्या सगळ्यात ती दुपारही होती. म्हणजे टकटकनं स्वतःच दार लावलं आणि स्वतःच आत मेला, असं कायमचं नोंदीला लागणार होतं. तोंडाशी आलेलं त्यानं गिळलं. साहेबांपुढं शहाणपण कशाला?

टाकलं.

जुन्या नोंदींत सगळ्याच प्रकारची कामं होती. त्या नावाला सगळे अधिकार दिल्याशिवाय प्रोग्रॅम नोंदी घेईना. म्हणून तेही दिले. मेलेल्या माणसाला अख्ख्या इमारतीचे अधिकार... साहेबांपेक्षाही वरचे. पासवर्ड यंत्रानंच बनवला. भाच्यानं तो पाहिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नवा प्रोग्रॅम सुरू केला. माणसं अंगणात डबे उघडून बसली होती. आत दोघेच, साहेब आणि भाचा.

पडद्यावर मात्र तीन नावं...

साहेब. भाचा. टकटक.

भाच्यानं ते नाव बाहेर काढलं. ते परत आत आलं.

पुन्हा काढलं.

पुन्हा आलं.

मग बोळातले पंखे थांबले. एकेक करून... लांबच्यापासून जवळच्यापर्यंत. इतकी शांतता, की साहेबांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

आणि मागच्या खोलीकडून...

टक. टक. टक.

साहेबांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. पण अधिकाराची सवय वाईट. त्यांनी फोन काढून त्यातल्या प्रोग्रॅमवर मुख्य फाटक उघडायला बोट लावलं. उत्तर आलं, "तुम्हाला ही परवानगी नाही." ऑफिसच्या दाराला लावलं. परवानगी नाही. त्यांच्या नावापुढच्या परवानग्या एकेक पुसल्या जात होत्या, भाच्याच्या डोळ्यांसमोर. शेवटी एकच उरली. मागच्या खोलीत जाण्याची.

ते भाच्यावर उखडले. चावट कार्ट्या, म्हणाले, माझी थट्टा करतोस? तिथं कोणाला लपवलंयस ते बघतोच. भाचा नको नको म्हणत राहिला. ते तरातरा निघून गेले.

तेवढ्यात पडद्यावर त्या जुन्या दुपारची नोंद आपोआप वर आली. "दार लावलं: टकटक."

नाव पुसलं गेलं.

सावकाश... एकेक अक्षर... तिथं साहेबांचं नाव उमटलं.

आणि त्या नोंदीखाली एक नवी, आत्ताची नोंद आली. "दार लावलं: टकटक."

या वेळी मात्र ते त्यानंच लावलं होतं.

भाच्यानं उघडायला बोट लावलं. परवानगी नाही. ज्यानं परवानग्या लिहिल्या, त्यालाच नाही. धावत दाराशी गेला, खांदा लावला, ओरडला. दार भिंतीसारखं. आत माणूस गोठत होता, आणि तो नुसता उभा.

आत काय चाललं होतं ते ऐक. दिवा गेला. साहेबांनी चाचपडत नवी बसवलेली मूठ पकडली, ती हातात निघून आली. मग पेट्यांच्या मागून किल्ल्या वाजल्या. आणि कानाशी अगदी अदबीनं कोणी म्हणालं, "साहेब, नाव सांगा."

साहेबांनी टकटकचं नाव घेतलं. गारवा वाढला.

"नाव सांगा."

दुसऱ्या कोणाचं घेतलं. पापण्या चिकटल्या.

"साहेब, मी रात्रभर ठोकत होतो. नाव सांगा."

तेव्हा साहेबांनी स्वतःचं नाव घेतलं. घेतच राहिले.

बाहेर भाच्याला एकाएकी म्हाताऱ्याचा नेम आठवला. त्यानं खिशातल्या किल्ल्यांनी दारावर तीनदा ठोकलं आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "कोणी आहे का?"

दार उघडलं.

साहेब जिवंत निघाले. पण त्या दिवसापासून वाचा गेली. बोलणं नाही, लिहिणं नाही, खूण नाही. काही विचारलं की समोर जे असेल त्यावर तीनदा ठोकतात, बस्स. भाच्यानं ते काम सोडलं. टकटकचं नाव अजून तिथून निघत नाही. काढायचा अधिकार त्या एकट्यालाच आहे.

सूनबाईचे हात थांबले होते. घडी अर्धीच राहिली होती.

"बाबा," ती म्हणाली, "इथं तुमची थाप उघडी पडली. साहेब बोलत नाहीत, लिहीत नाहीत. भाऊजी दाराबाहेर. आतला आवाज बाहेर येत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत."

तिची नजर दुसऱ्या कपावर गेली. तो रिकामा होता.

"मग आतलं तुम्हाला कोणी सांगितलं?"