हरवलेले फेरे

शमीमआपांनी तंबोऱ्याची तार छेडली आणि यंत्रहाताची बोटं घोडीवर टेकवली. काही कळेना. मिरजेत जवारी लावायची, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद खुलवायचा, तो कानाने आणि बोटाने. तार घोडीवर कशी गुणगुणते हे बोटाला कळलं नाही, तर नुसतं घासकाम. वर्षापूर्वी याच हाताने ती गुणगुण त्यांना परत दिली होती. प्रयोगशाळेत वाढवलेला चेतातंतू मनगटातून बोटांपर्यंत नेला होता. आता बोटं पुन्हा मुकी झाली होती.

"सगळं ठीक दाखवतंय," यंत्रहात बसवणाऱ्या केंद्रातला तंत्रज्ञ मकरंद देवल पडद्याकडे बघत म्हणाला. "मनगटाचा कोन π/६ रेडियन. हवा तसा."

"खड्ड्यात गेलं तुझं ठीक! मला कळत का नाही मग?"

"आपा, काम कसं करता ते दाखवा बरं."

त्यांनी खुंटीवर तार गुंडाळून दाखवली. साधं मनगट अर्ध्यात अडतं, खुंटी सोडून पुन्हा धरावी लागते. हे मनगट गरगर फिरतच राहिलं, एकाच दिशेने. ताण देताना हात मागे घ्यायचा नाही, हे अब्बांनी लहानपणीच त्यांच्या डोक्यात भरवलेलं.

मकरंदचा चेहरा उतरला. "उलटं कधीच फिरवत नाही?"

"कशाला? फिरतंय की आपोआप."

पूर्ण फेरा म्हणजे २π रेडियन. यंत्र दर फेऱ्याला २π वजा करून टाकत होतं. १३π/६ असो की २५π/६, त्याच्या लेखी सगळे π/६च. हे सहअंत्य कोन: सुरुवात एक, शेवट एक, फेरे तेवढे वेगळे. गणिताचं काही बिघडत नव्हतं. आतल्या तंतूला मात्र फेऱ्यागणिक पीळ बसत गेला होता.

"उलटं फिरवून पीळ काढू," मकरंद म्हणाला. "पण फेरे किती झाले, ते यंत्राने मोजून ठेवलंच नाही. कमी पडले तर हात मुकाच राहील. जास्त झाले तर उलटा पीळ बसेल, आणि हा थकलेला तंतू तुटला तर पुन्हा जोडता येत नाही."

आपांनी यंत्रहात त्याच्यापुढे धरला. त्या म्हणाल्या, "फिरव."

एक उलटा फेरा, की बोटं घोडीवर टेकवायची आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची. पडद्यावर दरवेळी तेच, π/६. कितीतरी फेऱ्यांनंतर बोटांच्या टोकांना काहीतरी लागलं. भिंतीपलीकडे कुणी गात असावं, तसं. आपांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आलं रे, आलं!"

"जवारीला पुरेल एवढं?"

नव्हतं पुरणार. अजून पीळ उरला होता, की पीळ संपून तंतूच थकल्याने एवढंच लागत होतं, कळायला मार्ग नव्हता. पुढचा फेरा गुणगुण मोकळी करेल, की कायमची घेऊन जाईल? काहीही झालं तरी पडद्यावर π/६च दिसणार होतं.

मकरंदचं बोट मनगट फिरवायच्या बटणावर होतं. "आपा, थांबू की फिरवू?"