अपुरी गोळी

रानडुक्कर मारायचं होतं, आणि तेही एका गोळीत. जखमी करून सोडायचं नव्हतं. तेवढ्यासाठीच दिवाळी सरल्यावर एका पहाटे सुनीती वडिलांची रायफल घेऊन जुईनगरच्या फ्लॅटमधून निघाली आणि उजाडता उजाडता खारघरच्या डोंगराखाली पोचली.

बोलावणं हिरामणचं होतं. हिरामण डोंगराखालच्या पाड्यातला साठीचा शेतकरी. त्याच्या भावकीची बहुतेक जमीन नव्या शहरात गेली होती. डोंगराच्या कुशीतली भाताची खाचरं तेवढी उरली होती. त्या खाचरांत एक एकांडा नर डुक्कर उतरू लागला. आधी त्याने पिकलेलं भात लोळवलं. मग एका सकाळी कापणीला वाकलेल्या हिरामणच्या बायकोची, गोजराची, मांडी सुळ्याने उभी चिरली. ती वाचली ती नशिबानेच. पाड्यातल्या बायकांनी शेतावर पाऊल टाकणं सोडलं. भात उभ्याउभ्या गळायला लागलं. शेवटी वनखात्याने परवानगी दिली: हे एक जनावर मारा, परवान्याची बंदूक असेल त्यानेच मारा, आणि मेलेलं जनावर जागेवरच जाळा.

सुनीतीचे वडील वामनराव, शिकारीला मुभा होती त्या काळात, हिरामणला बरोबर घेऊन हाच डोंगर पालथा घालायचे. त्यांच्यामागे रायफल आणि तिचा परवाना सुनीतीच्या नावावर झाला. ती बँकेत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी रायफल क्लबात नेमबाजी. वडील असताना अशाच परवानगीने तिने दोन डुकरं मारली होती. दोन्ही एकेका गोळीत.

हिरामणच्या अंगणात वनरक्षक बाबासो चहा पीत बसला होता. शेजारी हिरामणचा पुतण्या धनेश. पावणे गावात त्याचं वर्कशॉप होतं, नव्या इमारतींना तो खडी-रेती पुरवायचा, आणि त्याच्या मांडीवर एक नवी कोरी, चकचकीत रायफल होती.

"ही बघा मॅडम. टू-टू बोअर! वर दुर्बीण. पन्नास मीटरवर लिंबू उडवतो मी."

"लिंबू उडवा. डुक्कर नाही," सुनीती म्हणाली.

धनेश हसला. "का? गोळी ती गोळी. नेम पायजे फक्त."

सुनीतीने त्याच्याकडून एक काडतूस मागून घेतलं आणि आपलं एक शेजारी तळहातावर ठेवलं. "ही तुमची गोळी, वाटाण्याहून लहान. ही माझी, तीनशे पंधरा बोअरची, करंगळीच्या पेराएवढी. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीची जाड ढाल असते. झाडाला अंग घासून, चिखल थापून ती आणखी निबर होते. तुमची गोळी तिच्यातच रुतून बसेल. डुक्कर मरणार नाही, पिसाळेल."

"मग कानामागं मारीन ना!"

"धावत्या डुकराच्या कानामागे? तेवढी जागा चहाच्या बशीएवढी असते. चुकलात तर पुढचं कोण निस्तरणार?"

"मॅडम म्हणत्यात त्ये बरोबर हाय," बाबासो म्हणाला. त्याचा गाव कोल्हापूरकडचा. तिकडे उसातली डुकरं त्याने पाहिली होती.

धनेशचा चेहरा उतरला. "तुमच्या त्या तोफेनं मुंडकं फुटेल. मला ते अख्खं पायजे. बंगल्याच्या हॉलमध्ये लावनार हाय."

"मुंडकं जळणार आहे," सुनीती म्हणाली. "ही रायफल घरीच राहील."

हिरामणकडे एकनळी बारा बोअर होती, पिकाच्या राखणीची. एकगोळी काडतुसं दुकानात मिळाली नव्हती, म्हणून तो मोठे छर्रे घेऊन आला होता. ते दहा पावलांच्या आत भारी. त्यापुढे फाकत जाणार. म्हणजे भरवशाचं हत्यार एकच, सुनीतीच्या हातातलं.

निघताना हिरामणने तिला पेंढ्याच्या उडवीमागे नेलं. "ताई, त्याचं मन मोडू नका. आमचं घर त्याच्या जागंत हाय. त्याला बंदुकीसकट समोरच्या उंचवट्यावर बसवू. बार नाय काढनार तो. मी सांगतो ना."

सुनीतीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नाही म्हणणं तिच्या ओठांवर होतं. पण वडिलांच्या बरोबरीचा माणूस हात जोडून उभा होता.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि अंगणात येऊन धनेशला बजावलं, "बार माझा. पहिलाही आणि शेवटचाही."

"पक्का. टेन्शन नका घेऊ."

डुक्कर दिवसा जिथे पडून राही ती घळ हिरामणला ठाऊक होती. दोन्ही अंगांना घाणेरीची दाट जाळी, मधून पावसाळ्यात वाहणारा आणि आता सुकत चाललेला ओहळ, आणि वर थेट काळ्या कड्यापर्यंत चढत गेलेली कारवीची झुडपं. खाली पाहिलं की दूरवर खाडीचं पाणी शिशासारखं पडलेलं दिसे, आणि त्याच्या अलीकडे अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतींचे सांगाडे. घळीच्या तोंडाशी एका खडकाला टेकून सुनीती बसली. हिरामण तिच्या डाव्या हाताला, धनेश समोरच्या उंचवट्यावर. बाबासो पाड्यातली माणसं घेऊन वरच्या अंगाने हाका घालून डुकराला खाली पिटाळायला गेला.

डबे वाजू लागले. आरोळ्या उठल्या. भेकराचं एक पिल्लू उड्या मारत निघून गेलं. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग घाणेरी हलली!

डुक्कर चालत बाहेर आला, धावत नव्हे. वासरापेक्षा मोठा, पाठीवर ताठ उभे केस, ओठांतून वर वळलेले पिवळे सुळे. तो थांबला. मान सुनीतीकडे होती, अंग तिरकं. अजून दोन पावलं! दोन पावलं टाकली की खांद्यामागची जागा उघडी पडणार होती. तिने श्वास अर्धा सोडला. बोट चापावर आलं.

टाक्!

कोरड्या फांदीसारखा आवाज. तिचा नव्हे. समोरच्या उंचवट्यावरून!

डुक्कर जागच्या जागी गिरकला. त्याच्या खांद्यावर धुळीचा बारीकसा फुफाटा उडाला, बस्स. सुनीतीने नळी फिरवली, पण मागे जाळीपलीकडे हाकेवाल्यांची डोकी दिसत होती. तिने बोट काढून घेतलं. डुक्कर जाळीत घुसला आणि वरच्या अंगाला नाहीसा झाला.

"लागली! लागली मॅडम!" धनेश ओरडत खाली आला.

"लागली," सुनीती म्हणाली. "आता जखमी डुक्कर डोंगरावर मोकळा आहे. ह्याच वाटेने बायका गवताला जातात ना, दादा?"

हिरामणने मान खाली घातली. "जातात."

"मग त्याच्यामागे जायला हवं. आत्ताच."

हाकेवाल्यांना बाबासोबरोबर खाली धाडलं, पाड्यातल्या कुणाला वर सोडू नका म्हणून. तिघं वर निघाली. रक्त होतं, पण थेंब-थेंब, कारवीच्या पानावर कुंकवाच्या बोटाएवढं. कारवी डोक्याहून उंच. पुढचं दोन हातांवरचं दिसेना. पायाखाली सुटा मुरूम. एक पाऊल वर, अर्धं खाली. ऊन चढलं, घामाने डोळे चुरचुरू लागले, कारवीच्या फांद्या तोंडावर सपासप बसत होत्या. मधेच हिरामण थांबे, नाक वर करी आणि बोटाने दिशा दाखवी.

मग कारवी संपली आणि कडा आला. माग कड्याच्या पोटातल्या अरुंद वाटेने पलीकडे गेला होता. एका हाताला दगड, दुसऱ्या हाताला खोल घळ. हिरामण गेला. सुनीती गेली. धनेश मध्यावर आला आणि त्याच्या टाचेखालचा दगड निसटला! त्याने खडकाला मिठी मारली. टू-टू खांद्यावरून घसरली आणि दगडांवर आपटत खाली गेली. बऱ्याच वेळाने तिचा शेवटचा आवाज आला.

"मना नाय जमनार, काका!" दुर्बीण, लिंबू, हॉलमधलं मुंडकं, सगळं त्याच्या तोंडावरून उतरलं होतं. "मी नाय येत पुढं!"

"बसत, सरकत परत जा. खाली बघू नका," सुनीती म्हणाली. ती दोघं पुढे निघाली.

पलीकडे लहानसं सपाट होतं, गुडघाभर वाळलेलं गवत आणि करवंदीच्या जाळ्या. रक्ताचा माग तिथे थांबला. वारा पडला होता. हिरामणने बारा बोअरचा घोडा चढवला आणि कुजबुजला, "इथंच हाय."

करवंदीची जाळी फुटली!

डुक्कर थेट हिरामणवर आला. हिरामणने बार टाकला. छर्रे सगळेच्या सगळे बसले, पण समोरून, कपाळाच्या हाडावर आणि ढालीवर. डुक्कर अडखळला. थांबला नाही! हिरामण उताणा पडला. सुळा वर आला तेव्हा लाल होता. सुनीतीने नेम धरला, पण डुक्कर आणि माणूस एकमेकांत गुंतलेले. गोळी आरपार गेली तर हिरामणही जाणार.

"ए!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "इकडे! ए!"

डुकराने डोकं उचललं. तिच्याकडे वळला. खांदा उघडा पडला.

तीनशे पंधराचा बार कड्यावर आदळून परत आला. डुक्कर पुढच्या पायांवर बसला, कुशीवर कलंडला आणि पुन्हा हलला नाही.

एक गोळी. एवढंच लागणार होतं, सकाळीही.

हिरामणची मांडी जांघेखाली फाटली होती आणि रक्त उसळत होतं. सुनीतीने रायफलीचा पट्टा काढून जखमेच्या वर आवळला, त्यात कारवीची काठी घालून पीळ दिला. "दादा, माझ्याशी बोलत राहा. झोपायचं नाही!" बार आणि तिच्या हाका ऐकून बाबासो माणसांसह वर आला. काठ्या आणि घोंगडीची झोळी केली. कड्याच्या पोटातून ती झोळी त्यांनी बसत, सरकत, दातओठ खात नेली. एकदा मागच्या माणसाचा पाय सुटला, आणि सगळ्यांनी एकदम खडकाला पाठ लावली. झोळी सुटली नाही. पाड्यात टेम्पो उभा होता. हिरामण पनवेलच्या दवाखान्यात पोचला तेव्हा त्याची नाडी हाताला लागत नव्हती.

तो जगला. पाय मात्र मांडीतून काढावा लागला.

सुनीती त्या रात्री दवाखान्यातच होती, म्हणून डोंगरावर काय झालं ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. डुक्कर नियमाप्रमाणे संध्याकाळीच जाळला होता. आणि धनेशने पोलिसांना सांगितलं होतं की पहिला बार मॅडमचा. मॅडमनी घाई केली, डुक्कर जखमी झाला आणि पुढचं सगळं झालं. त्याची रायफल म्हणे मदतीला धावताना दरीत पडली. बाबासोने आणि हाकेवाल्यांनी समोरच्या अंगाचं काही पाहिलं नव्हतं. ते जाळीपलीकडे होते, आणि डब्यांच्या गोंगाटात बार कुणाचा ते कळलं नव्हतं. ज्याने पाहिलं होतं तो एकच. शुद्धीवर आल्यावर पोलिसांनी हिरामणला विचारलं. तो म्हणाला, पहिला बार ताईंचा.

चौकशी संपेपर्यंत रायफल पोलीस ठाण्यात जमा करा, असा निरोप आठवड्याभराने आला. तिकडे जाण्याआधी सुनीती दवाखान्यात गेली. गोजरा खाटेच्या पायथ्याशी बसली होती, मांडीला पट्टी बांधलेली. ती उठू लागली, तशी सुनीतीने तिला हातानेच बसवलं.

"का, दादा?" सुनीतीने विचारलं.

हिरामण छताकडे बघत राहिला. "तुमी नोकरीवालं मानूस. तुमचं निभंल. आमी त्याच्या अंगनात राहतो. औषदपानी त्योच बघतो. एका पायानं कुठं जाऊ मी?"

"मी चौकशीत काही बोलणार नाही. भांडायलाही आले नाही." ती खाटेजवळ सरकली. "पण एक ऐका. तो बार माझा असता, तर आज तुम्ही स्वतःच्या पायांनी खळ्यात उभे असता."

हिरामणने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. पांघरूण हलत राहिलं.

"डुक्कर मेला ना, ताई," गोजरा हळूच म्हणाली. "बाया जातात शेतावर. भात घरात आलं."

"हो," सुनीती म्हणाली. "ते बरं झालं."

पोलीस ठाण्यात हवालदाराने रायफल दोन्ही हातांत तोलून पाहिली. माणूस भला होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली.

"जड आहे हो ही. एका डुकराला एवढी मोठी कशाला लागते, बाई? लहान गोळीने भागलं नसतं?"

सुनीतीने उरलेली काडतुसं एकेक करून टेबलावर उभी केली, त्याने बोट ठेवलं तिथे सही केली आणि बाहेर पडली.